बरोबर उत्तर येईपर्यंत

१९६३ साली टांगानिकातल्या मगाम्बा सेकंडरी स्कूलमध्ये मुलं स्वतःच आइस्क्रीम बनवायची. रीत ठरलेली होती. गावातल्या बायकांकडून दूध घ्यायचं, ते उकळायचं, साखर घालायची, कोमट होईपर्यंत थांबायचं आणि मग ट्रेमध्ये ओतून फ्रीजरमध्ये ठेवायचं. अडचण एकच. मुलं भरपूर आणि फ्रीजरमधली जागा इवलीशी, त्यामुळे ट्रे पटकावायला रोज झुंबड उडायची.

एके दिवशी एरास्टो म्पेम्बा नावाचा तिसऱ्या फॉर्ममधला मुलगा दूध उकळत होता. दुसऱ्या एका मुलानं ते पाहिलं आणि हिशोब केला, की आपण उकळत बसलो तर जागा जाणार. त्यानं कच्च्याच दुधात साखर ढवळली आणि ट्रे फ्रीजरमध्ये सरकवला. आता शेवटचा ट्रे उरला होता. दूध निवायची वाट बघितली तर तोही जाणार, म्हणून म्पेम्बानं फ्रीज बिघडण्याचा धोका पत्करून वाफाळतं दूध तसंच आत ठेवलं. दीड तासानं दोघं परत आले. म्पेम्बाचं आइस्क्रीम झालं होतं. दुसऱ्याचं दूध नुसतंच दाटसर झालं होतं.

त्यानं भौतिकशास्त्राच्या शिक्षकांना कारण विचारलं. तुझा काहीतरी गोंधळ झाला असेल, असं होऊच शकत नाही, असं उत्तर मिळालं. त्यानं ते मान्य केलं. तेरा-चौदा वर्षांचा मुलगा आणखी काय करणार!

ही गोष्ट तुम्ही कदाचित एखाद्या रीलमध्ये पाहिली असेल. तिथे ती दोन मिनिटांत संपते. मुलगा बरोबर, मास्तर मूर्ख, जगाने अखेर त्याला मानलं, खाली टाळ्यांचे इमोजी. मला मात्र या गोष्टीत दुसराच भाग जास्त आवडतो. एका शाळकरी मुलाच्या डोक्यातली 'असं का झालं?' ही शंका तीन-चार टप्प्यांतून जात हळूहळू प्रयोग कशी होत गेली, तो भाग. मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो, आणि माझा निम्मा दिवस 'माझ्या मशीनवर तर चालतंय' या वाक्याशी झगडण्यात जातो. कदाचित म्हणूनही असेल.

आधी फ्रीजरमधल्या त्या पहिल्या दिवसाकडे नीट बघू. दोन ट्रे, एक गरम आणि एक थंड, एवढाच फरक होता का? नाही. एक दूध उकळलेलं होतं, दुसरं कच्चं. एक ट्रे आधी आत गेला, दुसरा नंतर. दूध किती, साखर किती, हे कुणी मोजलं नव्हतं. शिवाय ट्रे कुठे ठेवला होता? त्या काळच्या फ्रीजरमध्ये बर्फाचा जाड थर साचायचा. गरम ट्रे ठेवला की खालचा बर्फ वितळतो आणि ट्रे थेट धातूला चिकटतो, थंड ट्रे मात्र बर्फाच्या गादीवर बसून राहतो, आणि अशी गादी उष्णता अडवते. म्हणजे 'गरम दूध लवकर गोठतं' हे वाक्य त्या दिवशीच्या पुराव्यावरून म्हणताच आलं नसतं. फार तर 'उकळलेलं गरम दूध, त्या ट्रेमध्ये, त्या जागी, त्या दिवशी लवकर गोठलं' एवढंच म्हणता आलं असतं.

पुढे म्पेम्बाला टांगा शहरात आइस्क्रीम विकणारा एक मित्र भेटला. आपण मिश्रण गरमच ठेवतो, लवकर गोठतं, असं त्यानं सहज सांगितलं. धंद्यातल्या माणसाला कारणाशी देणंघेणं नव्हतं. पण म्पेम्बासाठी ही दुसरी साक्ष होती, आणि तीही अशा माणसाची, ज्याची रोजची कमाई फ्रीजरवर अवलंबून होती.

मगाम्बातलं शिक्षण संपवून तो इरिंगाच्या म्कवावा हायस्कूलमध्ये गेला. तिथे वर्गात उष्णतेचं प्रकरण सुरू असताना न्यूटनचा शीतकरणाचा नियम आला. म्पेम्बानं हात वर केला आणि तोच प्रश्न विचारला. शिक्षक म्हणाले, मला तसं वाटत नाही. तो म्हणाला, सर, मी स्वतः पाहिलंय. शिक्षक म्हणाले, तुझा गोंधळ झालाय. तो वाद घालतच राहिला. शेवटी शिक्षकांनी निकाल दिला, की हे म्पेम्बाचं भौतिकशास्त्र आहे, जगाचं नव्हे. वर्गाला ते इतकं आवडलं, की पुढे लॉगॅरिदमच्या तक्त्यात बघताना म्पेम्बाचं काही चुकलं तरी 'हे म्पेम्बाचं गणित' असं ऐकायला मिळू लागलं.

त्या शिक्षकांची बाजू वाटते तेवढी लंगडी नव्हती, हेही सांगायला हवं. समजा एक पाणी १०० अंशांवर आहे आणि दुसरं ३५ वर. गरम पाण्याला शून्यावर जायचं तर वाटेत कधीतरी ३५ अंश गाठावेच लागणार. तिथे पोहोचल्यावर ते दुसऱ्या पाण्यासारखंच झालं ना? मग तिथून पुढे दोघांना सारखाच वेळ लागणार. वरून गरम पाण्याला ३५ पर्यंत यायला लागलेला वेळ वेगळाच. त्यामुळे ते कायम मागेच राहणार. हा युक्तिवाद सुंदर आहे. त्यातली मेख 'दुसऱ्या पाण्यासारखंच झालं' या शब्दांत दडलेली आहे. शंभरावरून ३५ वर उतरलेल्या पाण्याचं तापमान ३५ असतं, पण बाकीचं? त्यातलं थोडं वाफ होऊन उडालेलं असतं, विरघळलेली हवा निघून गेलेली असते, आतमध्ये वर-खाली प्रवाह चालू असतात, वरचा थर गरम आणि खालचा थंड असतो. आपल्या भाषेत सांगायचं तर पाण्याची 'स्टेट' एका आकड्यात मावत नाही. नियम खोटा नव्हता. तो एकाच व्हेरिएबलवर लिहिलेला होता, एवढंच.

तेव्हा माझी तक्रार शिक्षकांच्या सिद्धान्ताबद्दल नाही. शाळेत फ्रीज होता, पाणी होतं, घड्याळ होतं. दोन तासांचं काम होतं. ते त्यांनी केलं नाही.

आणि यावर आपण फार नाक मुरडण्यात अर्थ नाही. आपल्याकडे अकरावीपासून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षापर्यंत प्रॅक्टिकल म्हणजे काय असतं, ते सगळ्यांना माहीत आहे. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, निष्कर्ष या क्रमाचं जर्नल. निष्कर्ष काय येणार ते पुस्तकात आधीच छापलेलं. लोलकावरून 'जी' काढायचा तर तो ९.८ च्या आसपास यायलाच हवा, आणि नाही आला तर निरीक्षणांच्या तक्त्याची डागडुजी होते. फायनल इयरच्या प्रोजेक्टची तऱ्हा तीच. विषय सीनिअर्सकडून, कोड कुठूनतरी, ब्लॅक बुक बाइंडिंगवाल्याकडून, आणि एक्स्टर्नल समोर बसला की सगळं 'सक्सेसफुल'. अनेक कॉलेजांत प्रोजेक्ट फसला असं लिहिलेलं ब्लॅक बुक शोधूनही सापडणार नाही. कुणालाही उत्तर माहीत नाही असा प्रश्न विद्यार्थ्याच्या हाती देण्याची सोयच त्या चौकटीत नसते.

म्पेम्बानं पुढे जे केलं ते म्हणूनच मोलाचं वाटतं. एका दुपारी त्याला जीवशास्त्राची प्रयोगशाळा उघडी दिसली. आत कुणी नव्हतं. त्यानं ५० घन सेंटिमीटरचे दोन बीकर घेतले (मराठी माध्यमवाल्यांसाठी, चंचुपात्रं). एकात नळाचं पाणी, दुसऱ्यात बॉयलरमधलं गरम पाणी भरलं, आणि दोन्ही प्रयोगशाळेतल्या फ्रीजच्या फ्रीजरमध्ये ठेवले. तासाभरानं पाहिलं तर दोन्ही पूर्ण गोठलेले नव्हते, पण गरम पाण्याच्या बीकरमध्ये बर्फ जास्त होता.

हा बदल बघा. दूध गेलं, साखर गेली, कच्चं-उकळलेलं गेलं. दोन भांडी सारखी झाली, एकाच वेळी आत गेली. त्याला 'कंट्रोल' हा शब्द कुणी शिकवला होता की नाही, कल्पना नाही. पण बग सापडत नसेल तर आधी सगळ्यात छोटं उदाहरण तयार करायचं, हे आमच्याकडे नवीन पोराला पहिल्या महिन्यात शिकवावं लागतं, आणि ते यानं एकट्यानं, कुणी न बघता केलं. फट अजून होतीच. नळाच्या पाण्यात विरघळलेली हवा जास्त, बॉयलरच्या पाण्यात कमी. त्याचा परिणाम असेल तर? ती फट बुजवायला त्याच्याकडे साधनं नव्हती.

मग दार-एस-सलामच्या युनिव्हर्सिटी कॉलेजातले डॉ. डेनिस ऑस्बर्न म्कवावाला व्याख्यान द्यायला आले. व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरं झाली. म्पेम्बानं विचारलेल्या प्रश्नाचा आशय असा होता: दोन सारख्या भांड्यांत सारखंच पाणी घेतलं, एक ३५ अंशांचं, दुसरं १०० अंशांचं, आणि दोन्ही फ्रीजरमध्ये ठेवली, तर १०० वालं आधी गोठतं. का? मुलं हसली. ऑस्बर्ननीही आधी स्मित केलं आणि प्रश्न पुन्हा विचारायला लावला. मग त्यांनी उलट विचारलं, तू हे करून पाहिलंयस का? तो हो म्हणाला. ऑस्बर्न म्हणाले, मला उत्तर माहीत नाही, पण परत गेल्यावर करून बघेन.

त्या प्रश्नाची घडण पुन्हा एकदा वाचा. सारखी भांडी, सारखं पाणी, दोन तापमानं. पहिल्या शाळेत तो एक किस्सा होता, इथे आला तेव्हा प्रयोगाचा आराखडा झाला होता. कुणीही, कुठेही, पत्ता न विचारता करू शकेल असा. ऑस्बर्नना तो सोबत नेता आला याचं कारण हेच. मित्रांनी मात्र म्पेम्बाला, तू आमची लाज काढलीस, असंच सुनावलं.

ऑस्बर्न नंतर मोकळेपणानं लिहितात, की मुलगा चुकत असावा असंच त्यांनाही वाटलं होतं. तरी त्यांनी दार-एस-सलामला एका तरुण तंत्रज्ञाला हे तपासायला सांगितलं. तंत्रज्ञ निकाल घेऊन आला: गरम पाणी खरंच आधी गोठलं. आणि त्यानं भाबडेपणानं पुढे सांगितलं, की काळजी नको, बरोबर उत्तर येईपर्यंत आम्ही प्रयोग करत राहू.

विज्ञानाच्या इतिहासातलं याहून प्रामाणिक विधान मी वाचलेलं नाही. हसू येतं, पण तो तंत्रज्ञ आपल्यातलाच आहे. जर्नलची सवय त्यालाही लागली होती.

त्यानंतर ऑस्बर्ननी रीतसर मोजमाप केलं. १०० घन सेंटिमीटरच्या काचेच्या बीकरमध्ये ७० घन सेंटिमीटर पाणी. बीकरखाली थर्मोकोलचा तुकडा, म्हणजे बर्फाच्या गादीचा प्रश्नच मिटला. सगळ्या चाचण्यांना आधी उकळून घेतलेलं पाणी, म्हणजे विरघळलेल्या हवेचा फरक गेला. म्पेम्बाला न बुजवता आलेली फट ती हीच. मग वेगवेगळ्या तापमानांपासून सुरुवात करून, गोठायला लागेपर्यंत किती वेळ जातो ते नोंदवलं. आलेख चमत्कारिक निघाला. सगळ्यात जास्त वेळ लागला तो २५ अंशांच्या आसपास सुरुवात केलेल्या पाण्याला. ९० च्या जवळून निघालेल्या पाण्याला त्याहून कितीतरी कमी.

वाफ होऊन पाणी कमी झालं म्हणून असेल का? तेवढ्यानं एवढा फरक पडत नाही, असं त्यांना आढळलं. पाण्यावर तेलाचा पातळ थर दिला तर गोठणं खूपच लांबलं. याचा अर्थ उष्णता मुख्यतः वरच्या पृष्ठभागातून बाहेर पडत होती. गरम पाण्यात वर-खाली प्रवाह जोरात असतात आणि ते वरचा थर सतत गरम ठेवतात, म्हणून उष्णता जास्त वेगानं निघून जात असावी, अशी दिशा त्यातून मिळाली. अंतिम उत्तर मिळालं असा दावा त्यांनी केला नाही.

१९६९ मध्ये 'फिजिक्स एज्युकेशन' या नियतकालिकात दोघांच्या नावानं लेख छापून आला. शीर्षक एका शब्दाचं, 'कूल?', तेही प्रश्नचिन्हासकट. म्पेम्बाचं नाव पहिलं. पहिला भाग त्यानं स्वतः, 'मी'च्या भाषेत लिहिला आहे. आइस्क्रीम, ट्रेसाठीची धावपळ, वर्गातली टिंगल, सगळं तसंच्या तसं. दुसरा भाग ऑस्बर्नचा. एका प्राध्यापकाला, 'एका विद्यार्थ्याच्या प्रश्नावरून सुचलं' अशी आभाराची ओळ टाकून मोकळं होता आलं असतं. नव्यानं स्वतंत्र झालेल्या आफ्रिकी देशातल्या शाळकरी मुलाचा किस्सा ब्रिटिश नियतकालिकात त्याच्याच शब्दांत यावा, ही त्या काळी साधी बाब नव्हती. ऑस्बर्नबद्दलचा माझा आदर मोजमापापेक्षा या निर्णयामुळे जास्त आहे.

त्याच वर्षी कॅनडातल्या जॉर्ज केल यांनीही याच विषयावर लेख छापला. त्यांना म्पेम्बाची गंधवार्ताही नव्हती. कॅनडात ही समजूत लोकांत होतीच. पाणी उकळत्यापासून शून्यापर्यंत निव्वळ बाष्पीभवनानं थंड झालं तर साधारण १६ टक्के उडून जातं, म्हणजे गोठवायला तेवढं कमीच उरतं, असा हिशोब त्यांनी मांडला.

मग जुनी पानं चाळली गेली. ॲरिस्टॉटलनं लिहून ठेवलंय, की पाणी लवकर थंड व्हावं म्हणून लोक ते आधी उन्हात ठेवतात. फ्रान्सिस बेकननं १६२० मध्ये कोमट पाणी जास्त सहज गोठतं असं नोंदवलं. देकार्तनं १६३७ मध्ये बराच वेळ आगीवर ठेवलेल्या पाण्याबद्दल तेच म्हटलं. १७७५ मध्ये एडिनबरोच्या जोसेफ ब्लॅकनं उकळलेलं आणि न उकळलेलं पाणी शेजारी ठेवून प्रयोगही केला. म्हणजे दोन हजार वर्षं माणसांना जे दिसत होतं, ते पुढच्या पाठ्यपुस्तकांतून गळून गेलं. उष्णतेचं गणित जसजसं नेटकं होत गेलं, तसतशी त्यात न बसणारी निरीक्षणं 'गोंधळ' या खात्यात जमा झाली. आणि एका आइस्क्रीमवाल्याला ती माहीतच होती.

रील इथे संपते. इतिहास संपत नाही.

'आधी गोठलं' म्हणजे नेमकं काय? पाणी शून्य अंशावर आलं, की बर्फाचा पहिला कण दिसला, की पूर्ण घट्ट झालं? या तीन वेगळ्या घटना आहेत. स्वच्छ पाणी शून्याच्या बरंच खाली जाऊनही द्रव राहू शकतं, याला अतिशीतन म्हणतात, आणि ते किती खाली जाईल हे भांड्यावरच्या एखाद्या ओरखड्यावर किंवा धुळीच्या कणावर ठरतं. म्हणजे दोन सारखे बीकरसुद्धा वेगवेगळ्या वेळी गोठू शकतात. २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीनं उत्तम स्पष्टीकरणासाठी १,००० पौंडांचं बक्षीस लावलं, तर २२,००० हून अधिक लोकांनी उत्तरं पाठवली. एका प्रश्नाची इतकी उत्तरं येणं, म्हणजे प्रश्नाची व्याख्याच सैल आहे असं मला वाटतं.

२०१६ मध्ये हेन्री बरिज आणि पॉल लिंडन यांनी तो सैलपणा काढायचं ठरवलं. त्यांनी अतिशीतनाची भानगड बाजूला ठेवली आणि पाणी शून्य अंशावर यायला किती वेळ लागतो एवढंच मोजलं. गरम पाणी आधी पोहोचतं याचा पटण्यासारखा पुरावा त्यांना मिळाला नाही. आणखी एक गोष्ट त्यांनी दाखवली, जी वाचून मी खुर्चीत सरळ बसलो. पाण्यातला तापमापक सेंटिमीटरभर वर किंवा खाली असेल, तर तेवढ्यानंच हा परिणाम असल्यासारखा भास होऊ शकतो. दूध, साखर, हवा, बर्फाची गादी असं एकेक बाजूला काढत आलो, आणि शेवटी संशय मोजपट्टीवरच आला. ज्यांनी प्रॉडक्शनमधला बग तीन दिवस शोधून अखेर लॉगिंगमध्येच दोष आहे असं पाहिलंय, त्यांना ही भावना समजेल.

आमच्या फ्लॅटमधल्या फ्रीजमध्ये मीही हे करून बघितलंय, स्टीलच्या दोन वाट्या आणि एका स्वस्त सेन्सरवर. निकाल दोन्ही बाजूंनी आले. आजच्या फ्रीजरमध्ये पंखा असतो, कॉम्प्रेसर मनाला येईल तेव्हा चालू-बंद होतो, त्यामुळे कुठली वाटी कुठे ठेवली याला फार महत्त्व येतं. एका निकालावर विश्वास ठेवू नये एवढं मात्र पटलं.

मग म्पेम्बा चूक होता का? त्याच्या ट्रेमध्ये आइस्क्रीम झालं होतं, ते तर दोघांनी डोळ्यांनी पाहिलं. त्याचा सर्वसाधारण नियम होतो का, हा वेगळा प्रश्न, आणि शिक्षकांनी त्या दिवशी त्याला तो फरक शिकवायला हवा होता. बरिज आणि लिंडन यांनीही त्याला गोंधळलेला म्हटलं नाही. त्यांनी मोजलं.

दरम्यान विषय पाण्याच्या बाहेर गेला. २०२० मध्ये कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठात अविनाश कुमार आणि जॉन बेचहोफर यांनी पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म मण्यांवर प्रयोग केला. ऊर्जेचा खोलगट आकार त्यांनी स्वतः ठरवला आणि 'गरम' स्थितीतून सुरुवात केलेली व्यवस्था 'कोमट' स्थितीपेक्षा आधी थंड होते, हे हजारो वेळा मोजून दाखवलं. बर्फ नाही, बाष्पीभवन नाही, हवेचे बुडबुडे नाहीत. वाटेत तापमान सारखं झालं तरी स्थिती सारखी होत नाही, हा मुद्दा तिथे स्वच्छ उभा राहतो. त्या शोधनिबंधातही या परिणामाला म्पेम्बाचंच नाव आहे. ज्या शब्दाची वर्गात टिंगल झाली, तो आता क्वांटम प्रणालींवरच्या लेखांच्या शीर्षकांत असतो.

१९६९ च्या त्या लेखात म्पेम्बाचा पत्ता मात्र भौतिकशास्त्राच्या कुठल्याही विभागाचा नाही. लेख छापून आला तेव्हा तो मोशीच्या कॉलेज ऑफ आफ्रिकन वाइल्डलाइफ मॅनेजमेंटमध्ये शिकत होता, आणि पुढे त्यानं टांझानियाच्या वन्यजीव खात्यात नोकरी केली. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीच्या स्पर्धेचा निकाल जाहीर करायला त्यालाच बोलावलं होतं. विजेता होता क्रोएशियातल्या झाग्रेब विद्यापीठाचा निकोला ब्रेगोविच. त्यानं प्रयोगशाळेत बीकर घेऊन सगळं पुन्हा पहिल्यापासून मोजलं होतं.